गंडममध्ये अवकाशातली लढाई तलवारीने का?

नवा_प्रेक्षक:
१९७९ची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका 'मोबाइल सूट गंडम' बघायला घेतली आहे, चार भाग झाले. एक गोष्ट काही केल्या पटत नाही. अवकाशात वसाहती बांधणारी माणसं लढताना मात्र १८ मीटरचे यंत्रमानव घेऊन एकमेकांच्या अंगावर जातात, तेही तलवार उपसून! लांबूनच क्षेपणास्त्र का सोडत नाहीत? पुढे बघू की सोडून देऊ?

रात्रपाळी:
मिनोव्हस्की कण, म्हणजे मालिकेतले काल्पनिक कण. ते पसरले की रेडार आणि रेडिओ दोन्ही निकामी होतात, क्षेपणास्त्राला लक्ष्यच सापडत नाही. मग डोळ्याला दिसेल इतकं जवळ जावं लागतं. पृथ्वीविरुद्ध लढणाऱ्या वसाहतींच्या जिऑन राज्याने हे आधी ओळखून झाकू नावाचे यंत्रमानव बनवले. पृथ्वीचं सरकार, म्हणजे फेडरेशन, मोठ्या जहाजांच्या भरवशावर राहिलं आणि मार खाल्ला.

कक्षेबाहेर:
कारण बरोबर आहे, पण त्यातून दिग्दर्शक तोमिनोंनी काय साधलंय ते बघा. रेडार गेलं की शत्रू पडद्यावरचा ठिपका उरत नाही.

पहिला भाग पुन्हा लावा. १५ वर्षांचा नायक आमुरो पुस्तिका वाचत वाचत फेडरेशनचा यंत्रमानव गंडम चालवतोय. पहिला झाकू तो तलवारीने कापतो, त्याची अणुभट्टी फुटते, वसाहतीला भगदाड पडतं आणि हवेबरोबर आमुरोचे स्वतःचे वडील बाहेर ओढले जातात. त्याला याचा पत्ताही नसतो. स्फोट पुन्हा होऊ द्यायचा नाही एवढं मात्र त्याला कळलंय. म्हणून दुसऱ्या झाकूच्या वेळी तो नेमका चालकाच्या कक्षात तलवार खुपसतो. वसाहत वाचवायची तर यंत्र फोडून चालत नाही, आतला माणूस मारावा लागतो. पहिल्याच भागात हे दाखवणाऱ्या मालिकेला मी पोरखेळ म्हणणार नाही.

तेराव्या भागापर्यंत तरी थांबाच. आमुरो आईला भेटायला जातो. जिऑनचे सैनिक झडती घ्यायला येतात, हा खाटेवर पांघरूण घेऊन पडलेला, आणि नेमकं तेव्हाच त्याचं संपर्कयंत्र वाजतं. तो पांघरुणाखालूनच गोळी झाडतो. आई मुलगा वाचला म्हणून त्याला जवळ घेत नाही. त्या सैनिकालाही बायकामुलं असतील, असं म्हणून ती त्याच्यावरच चिडते. निघताना तो तिला सॅल्यूट करतो. स्वतःच्या आईला! तिथे मला दर वेळी रडू येतं.

जुनी_टेप:
भर घालतो. तेव्हा ५२ भाग ठरले होते, पण प्रेक्षक मिळेनात म्हणून ४३व्या भागावर गुंडाळावी लागली. लोकांनी उचलून धरली ती पुनःप्रसारणात. १९८०च्या जुलैत बांदाई या खेळण्यांच्या कंपनीचे गंडमचे जोडायचे मॉडेल आले, ३०० येनचे, आणि पुढच्या वर्षी चित्रपट. वेळ कमी असेल तर चित्रपटत्रयी बघा.

कक्षेबाहेर:
चित्रपट नंतर बघा. मालिकेत मधले भाग रेंगाळतात हे खरं. पण व्हाइट बेस या आमुरोच्या जहाजावरची दमलेली, चिडचिडी पोरं दर भागात थोडी थोडी बदलत जातात. ते बघायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

नवा_प्रेक्षक:
पहिला भाग पुन्हा पाहिला. दुसऱ्या झाकूचा स्फोट होत नाही, हे मागच्या वेळी लक्षातच आलं नव्हतं. आता पाचवा लावतोय. वडिलांचं पुढे काय होतं, ते कृपया कुणी सांगू नका.