24 व्या वर्षी जपानी नागरिकत्व: अर्ज करू की थांबू?

साईतामाची_कोल्हापूरकर
बारावीनंतर इथे भाषाशाळेत आले, मग सेनमोन गाक्को (व्यावसायिक शिक्षणाचं कॉलेज), आता नोकरीला 2 वर्षं झाली. ऑफिसातले म्हणतात, एइजूला (कायम वास्तव्याच्या परवान्याला) 10 वर्षं लागतात, किकाला (जपानी नागरिकत्वाला) 5 च, मग सरळ किकाच कर. इतकं सोपं आहे का? घरी अजून विषय काढलेला नाही. पासपोर्ट परत करायचा म्हटल्यावर बाबा काय म्हणतील, देव जाणे.

निशिकासाई_पुणेकर
कायद्यात 5 वर्षं आहेत, आणि तुझ्यासारख्या शिकायला आलेल्यांची त्यातली 3 वर्षं नोकरीच्या व्हिसावरची लागायची; पण एप्रिल 2026 पासून साधारण 10 वर्षांचा मुक्काम बघतात. म्हणजे अजून काही वर्षं थांबणं आलंच. तोवर नेनकिन (सरकारी पेन्शनचा हप्ता) आणि रहिवासी कर थकलेला नाही ना, बघून घे. आणि गावी सलग 3 महिने वगैरे राहू नकोस, मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

माझं किका होऊन बरीच वर्षं झाली. होमुक्योकुत (नागरिकत्वाचे अर्ज घेणारं सरकारी कार्यालय) यादी देतात, त्याप्रमाणे कागद न्यायचे. अर्जाला फी नाही. घाम काढला तो आपल्याकडच्या कागदांनी. आईवडिलांच्या लग्नाची नोंदणीच नव्हती, ती म्हातारपणी करायला लावली. त्यात माझ्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि बाकी सगळीकडे सासरचं! या दोघी एकच, हे पटवायला प्रतिज्ञापत्र. ज्यांच्याकडे अख्खं कुटुंब एका कोसेकीत (सरकारी कुटुंब-नोंदवहीत) सापडतं, त्यांना ही भानगड समजावताना माझं जपानी भलतंच सुधारलं.

पासपोर्टचं म्हणशील तर कान्पोत (सरकारी राजपत्रात) नाव छापून येतं त्या दिवसापासून तू जपानी, आणि आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम 9 प्रमाणे भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. नंतर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढता येतं. ते असलं तरी भारतात मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र येते. बाबा पहिलं शेतीचंच विचारतील, उत्तर तयार ठेव.

माझं मत विचारशील तर, नुसता व्हिसाचा कंटाळा आला असेल तर एइजूची वाट बघ. मला इथे मतदान करायचं होतं. 2019 ला आपले योगेंद्र पुराणिक टोकियोतल्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आले, तेव्हा एइजूवाले मित्र नुसत्या टाळ्या वाजवत होते.

योकोहामाची_मावशी
अगं, एक आधीच सांगते. नागरिक झालं की आईवडिलांना कायमचं इथे आणता येतं, असं बरेच जण धरून चालतात. तसा सरळ व्हिसा नाही. एकुलती एक असशील तर आधी याचा विचार कर, कान्पोबिन्पो नंतर.

आणि दोकिशो (नागरिकत्व का हवं, याचं निवेदन) जपानीत, हाताने लिहावं लागतं. टाइप करून करून आपण साध्या कांजीसुद्धा विसरतो, आतापासून हात चालव. 2025 पासूनच्या चर्चेनंतर नियम कडक झालेत, तेव्हा ऑफिसातल्यांचं ऐकून हिशोब मांडू नकोस, होमुक्योकुत जाऊनच विचार.

साईतामाची_कोल्हापूरकर
एकुलती नाही, धाकटा भाऊ आहे. पण आईबाबांचं लग्नही नोंदलेलं नाही, ते आधी करायला सांगते. दादा, मराठी दाखल्यांचं भाषांतर कुणाकडून केलंत?

निशिकासाई_पुणेकर
मीच केलं. खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख घातली की चालतं. भावाचाही जन्मदाखला मागवून ठेव, भावंडांचेही मागतात.