दावा दाखल होण्यापूर्वी वकिलांना दिलेली आगाऊ रक्कम परत मिळते का?

सातारकर (प्रश्न)
वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल करायचा आहे. ज्या वकीलसाहेबांशी बोलणे झाले, त्यांनी वकीलपत्रावर सही घेण्यापूर्वी 40,000 रुपये जमा करण्यास सांगितले असून, उरलेल्या फीऐवजी आमच्या वाट्याला येणाऱ्या जमिनीच्या किमतीचा दहावा हिस्सा निकालानंतर द्यावा, असेही सुचवले आहे. दुसरीकडे चुलत्यांशी तडजोडीची बोलणी सुरू आहेत. ती जमली आणि दावा दाखलच करावा लागला नाही, तर ही रक्कम परत मागता येईल का?

दिवाणी वकील
आगाऊ रक्कम मागण्यात गैर काही नाही, कारण कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला आणि टंकलेखन यांसाठी सुरुवातीलाच पैसे लागतात. परंतु 40,000 रुपयांपैकी फी किती आणि खर्चासाठी किती, हे आधी लेखी ठरवून घ्या, कारण परताव्याचा सगळा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार पक्षकाराकडून आलेली रक्कम फीची की खर्चाची, याची नोंद वकिलाने हिशेबात ठेवली पाहिजे, आणि प्रकरण चालू असताना खर्चाच्या पैशांतून फी वळती करायची असेल तर पक्षकाराची लेखी संमती लागते. प्रकरण संपल्यावर मात्र खर्चातली शिल्लक ठरलेल्या थकीत फीपोटी वळती करता येते. पक्षकाराने मागणी केल्यास हिशेबाची प्रत द्यावी लागते.

वकिलाने स्वतः काम सोडले, तर न केलेल्या कामाच्या फीचा भाग परत करावा, असे नियम सांगतो. तुम्ही तडजोड करून थांबलात तर मुख्यतः तुमच्यात ठरलेल्या अटी पाहिल्या जातील. म्हणून दाव्याचा मसुदा तयार होण्यापूर्वी प्रकरण मिटले तर किती रक्कम ठेवायची आणि किती परत करायची, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. जमिनीच्या दहाव्या हिश्श्याला मात्र स्पष्ट नकार द्या. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा मिळालेल्या मालमत्तेत वाटा घेण्यास वकिलाला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2017 साली बी. सुनीता प्रकरणात अशी टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाच्या विरोधात ठरवली आहे.

वारणाकाठ
वरील उत्तराला थोडी पुरवणी. पैसे रोख देऊ नका, आणि द्यावेच लागले तर त्याच दिवशी पावती घ्या. आपल्याकडे वकिलाकडे पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे उगाचच समजले जाते. पुढे वकील बदलावा लागला आणि फी थकली असली, तरी त्यासाठी तुमची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आर. डी. सक्सेना प्रकरणातील 2000 सालचा निकाल आहे. फीची वसुली वकील स्वतंत्रपणे करू शकतात, हेही लक्षात असू द्या.

सातारकर
दोघांचेही आभार. हिशेब मिळालाच नाही, तर ग्राहक मंचाकडे जावे का?

दिवाणी वकील
तो मार्ग मे 2024 मध्ये बंद झाला. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या महिन्यात स्पष्ट केले. गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते, मात्र त्यातून होते ती शिस्तभंगाची कारवाई. पैशांच्या वसुलीसाठी दिवाणी दावाच करावा लागतो.

एक राहिले. दावा दाखल झाल्यानंतर चुलत्यांशी तडजोड झाली, तर ती लोकअदालतीत नोंदवून घ्या, कारण तेथे प्रकरण मिटल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. ती रक्कम तुमची आहे, वकिलांच्या फीत ती आपोआप धरली जाणार नाही, एवढे वर सुचवलेल्या कागदात आधीच नमूद करून ठेवा.