‘सिंटरिंग’ला ‘भाजणं’ म्हणावं का?

वाळूजकर: कंपनीतल्या नव्या पोरांसाठी निओडिमियम चुंबकावर मराठीत चार पानं लिहायलोय. पावडरीला ‘चूर्ण’ लिहिलं तर पोरं म्हणतात, हे हिंगाष्टक झालं. पूड म्हणू का भुकटी? आणि दाबलेली पावडर पूर्ण न वितळवता तापवून घट्ट करतात, त्या सिंटरिंगला काय?

जालनेकर: दादा, सगळीकडं एकच शब्द नका लावू. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनच्या मिश्रधातूचे पातळ तुकडे हायड्रोजन पितात, फुगतात, तडकतात. कळीचा चुना पाण्यात फुटतो, तसं. म्हणून ते ‘फुटणं’, आणि निघतो तो ‘भरडा’. जेट मिलमधून 3 ते 5 मायक्रॉनची होऊन येते ती ‘भुकटी’.

वाळूजकर: मग जेट मिलला ‘दळणं’?

जालनेकर: दळायला जात्याचे दोन दगड लागतात. इथं नायट्रोजनच्या झोतात कणच एकमेकांवर आपटतात. हवा चालत नाही, एवढी बारीक भुकटी पेट घेते. मी तर ‘जेट मिल मारणं’च म्हणतो, आमच्याकडं तसंच बोलतात.

परभणीकर: सिंटरिंगला ‘भाजणं’च. आमच्या गल्लीत कुंभाराचा आवा लागायचा. मडकं वितळत नाही, पण माती सांधते आणि मडकं आटतं. चुंबकही आटतो, आणि ज्या दिशेला चुंबकी क्षेत्र लावून दाबलेला असतो त्या दिशेनं जास्त. तेव्हा ‘श्रिंकेज’ला ‘आटणं’ लिहा.

जालनेकर: मावशी, भाजणं म्हटलं की पोरांना भाकरी दिसते.

परभणीकर: दिसू दे की. पण खरं तर तिळाची वडी दिसायला हवी. सुमारे 1050 अंशांवर दाणे तसेच राहतात, मधला निओडिमियमनं भरलेला थर तेवढा वितळतो आणि पाकासारखा प्रत्येक दाण्याभोवती बसतो. दाणा दाण्याला चिकटून राहिला, की एकाचं चुंबकत्व उलटलं की शेजारच्याचंही उलटतं. पाक नीट बसला तर चुंबक उलट क्षेत्राला दाद देत नाही. भुकटीनं आधीच ऑक्सिजन खाल्ला असेल, तर त्या पाकाचा ऑक्साइड होऊन बसतो.

वाळूजकर: ‘भाजणं’ पक्कं. आता शेवटचं. चुंबकाला वरून डिस्प्रोशियम हा धातू लावून परत तापवतात, ते आत जातं. ‘मुरणं’ लिहिलंय, लोणच्यासारखं.

परभणीकर: चुकलं. लोणच्यात मीठ फोडीच्या गाभ्यापर्यंत मुरतं. डिस्प्रोशियम मधल्या पाकातून जाऊन दाण्याच्या सालीतच थांबायला हवं. गाभ्यात शिरलं तर त्याचं चुंबकत्व लोखंडाच्या उलट पडतं आणि चुंबकाचा जोर उतरतो. वर महाग डिस्प्रोशियम वाया, ते वेगळंच.

वाळूजकर: मग ‘झिरपणं’?

परभणीकर: हां, झिरपणं लिहा.