मदत हवी आहे: मुलगा घरी तबल्याला हात लावत नाही

नदीकाठ
मुलगा ८ वर्षांचा. ७ महिने तबल्याच्या क्लासला जातोय, आठवड्यातून दोन दिवस. तिथे बरा वाजवतो, लयीला पक्का आहे असं सर म्हणतात. घरी मात्र खोळ काढायलाच नको म्हणतो. काढलीच तर पाच मिनिटांत "बोटं दुखतात". घरी 'ना' (फक्त तबल्यावरचा बोल) वाजवला की नुसता टक् असा आवाज येतो आणि 'धा' (तबला-डग्गा एकदम) बदबद. जोड घरातलीच जुनी आहे: तबल्याचं तोंड साडेपाच इंच, डग्ग्याचं (डाव्या हाताचं वाद्य) साडेनऊ. रोज अर्धा तास तीनताल (१६ मात्रांचा ताल) आणि एक कायदा (रियाझाची ठरावीक बोलरचना) करायला सांगितलंय. पुढच्या सत्रात गांधर्व महाविद्यालयाच्या 'प्रारंभिक' या पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरायचं चाललंय. याला कंटाळा म्हणायचं की आमचं काही चुकतंय? घरात वाजवणारं दुसरं कोणी नाही.

चुंबळ
क्लासमध्ये वाजतो आणि घरी वाजत नाही, तर आधी वाद्य तपासा, मग मूल.

साडेपाच इंची तबला साधारण काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर) लागतो. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप काळी एकवर लावा आणि चाटेवर (तोंडाच्या कडेची पट्टी) 'ना' वाजवत गोल फिरा. वादी (ताणाची चामड्याची पट्टी) गजऱ्यातून (कडेची वेणी) जिथे जाते ती १६ घरं. सगळीकडे एकच सूर यायला हवा. जुन्या, पडून राहिलेल्या तबल्यात तीन-चार घरं हमखास उतरलेली असतात. दमट हवेत पुडी (वरचं कातडं) सैलावते, त्यामुळे पावसाळ्यात तर असतातच. उतरलेल्या घरावर हातोडीने गजऱ्याच्या वरून खाली हलका ठोका द्या. चढं असेल तर गजऱ्याला खालून वर. एक घर झालं की समोरचं घर घ्या, शेजारचं नको. नाहीतर पुडी एका अंगाला ओढली जाते. अख्खा तबलाच सूरभर खाली असेल तर आधी आठही गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) सारखे खाली ठोकायचे, मग गजरा. हातोडी चाटेवर किंवा शाईवर (मधला काळा गोल) घसरली तर पुडी गेलीच म्हणून समजा, तेव्हा पहिल्यांदा सरांसमोरच करा. शाईला तडे असतील आणि आवाज झर्र करत असेल तर ठोकून उपयोग नाही, पुडीच बदलावी लागेल.

उतरलेला तबला बोलत नाही, म्हणून मूल जोर लावतं. बोटं दुखतात ती त्यामुळे.

आता हात बघा. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर नुसती टेकलेली हवी, दाबलेली नव्हे. तर्जनी चाटेवर पडते आणि तापलेल्या तव्याला लागल्यासारखी लगेच उठते. ती तिथेच राहिली की टक्. मधलं बोट खाली येऊन पुडीला लागलं तरी टक्. समोर बसून नुसती ही दोन बोटं बघा, तबला येत नसला तरी कळेल.

डग्गा मात्र त्याच्यासाठी मोठाच आहे. शाई मध्यावर नसते. रुंद मैदान (शाईभोवतीचं मोकळं कातडं) वाजवणाऱ्याकडे ठेवतात, मनगटाची टाच तिथे टेकते आणि बोटं शाईच्या पलीकडच्या मैदानावर पडतात. ८ वर्षांच्या हाताची बोटं साडेनऊ इंचीवर शाईपर्यंतच पोचतात. तुमचा बदबद तिथून येतोय. ८ ते साडेआठ इंचीचा डग्गा बघा. तोवर त्याच्या बसण्याखाली दोन-तीन इंचांची घडी द्या. खांदा वर आला की हात थोडा पुढे जातो.

ठेका_सोळा
वरचं सगळं पटलं. फक्त सुराचं जमलं म्हणून अर्धा तास तसाच ठेवू नका. या वयात १० मिनिटं सकाळी, १० संध्याकाळी पुरतात, आणि तबला खोळीत नको. एका जागी मांडून वर नुसतं कापड टाका. रोज काढा-ठेवा करण्यातच निम्मा उत्साह जातो.

पहिली २-३ मिनिटं वाद्याला हात न लावता पढंत (बोल तोंडाने म्हणणं): तीनताल हातावर, टाळी १, ५ आणि १३ वर, खाली (टाळी न देता हात बाजूला) ९ वर. तोंडात अडखळणारा बोल हातातही अडखळतो. मग कायद्याची एकच ओळ, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक अक्षर. सलग ४ वेळा न चुकता आली तरच ६६. धा फुटत असेल, म्हणजे घे (डग्ग्यावरचा बोल) आणि ना मागेपुढे ऐकू येत असतील, तर लय वाढवूच नका. आधी नुसता धा, दहा वेळा.

शेवटची ५ मिनिटं त्याची. केरवा शिकवायला सांगा (धा गे ना ति, न क धिं न) आणि घरात कोणीतरी आठ मात्रांत बसणारं भजन म्हणा. बेसूर म्हटलंत तरी चालेल. एकट्याने कायदा घासणं आणि कोणाच्या तरी साथीला वाजवणं यात मुलांना दुसरंच आवडतं. कायद्यासाठी लेहऱ्याचं (तालात पुन्हा पुन्हा वाजणारी धून) अ‍ॅपही चालेल, पण सुरुवातीला त्याचा आवाज बारीक ठेवा. मोठ्या आवाजात स्वतःची चूक ऐकू येत नाही.

सांगावा
फॉर्मची घाई नको. पुढचं सत्र सहा महिन्यांनी पुन्हा येतंच. ठेके (तालाचे ठरलेले बोल) हातावर टाळी-खाली देऊन एकपट आणि दुगुनीत (दुप्पट लयीत) न थांबता म्हणता येऊ देत, मग भरा.

नदीकाठ
सगळ्यांचे आभार. सरांनी तबला लावून दिला, पाच घरं उतरलेली होती. आता ना वाजतो, पण चारात एखादा. आणि दुकानदार बोल्टचा (वादीऐवजी बोल्टने ताणायचा) डग्गा सुचवतोय, घ्यावा का?

चुंबळ
चारात एक म्हणजे अनामिका अजून दाबली जातेय. त्याला फक्त ना वाजवायला सांगा आणि आवाज विरेपर्यंत पुढचा वाजवू देऊ नका. लांबलेला ना त्याने मोजायचा. बोटांना घाम येत असेल तर चिमूटभर टाल्कम, जास्त नको, शाईत बसतं.

बोल्टचा घ्या. जाणकार नाक मुरडतील, पण घरात तबला लावणारं कोणी नसताना पाना बरा. समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेराच फिरवायचे. आणि डग्गा फार ताणू नका. ताणला की घे घुमत नाही. पाना, हातोडी दोन्ही वरच्या फळीवर ठेवा.