विहीणबाई लुधियान्याच्या आणि माझा पराठा फुटतो

सांगलीची_काकू:

मंडळी, जरा घाईचं काम आहे. संक्रांत झाली की सुनेचे आईवडील लुधियान्याहून चार दिवस राहायला येताहेत. लग्नानंतर पहिल्यांदाच. सून म्हणते, "आई, पोहे करा, त्यांना आवडतात." पण चारही दिवस पोहेच कसे करू? एक तरी सकाळ पराठ्यांची व्हावी असं माझ्या मनात आहे.

अडचण अशी, की माझा आलू पराठा फुटतो. होळीला मी तीस-पस्तीस पुरणपोळ्या लाटते, एक फाटत नाही. बटाटा भरला की मात्र तिसऱ्यांदा लाटणं फिरवलं की कुठून तरी तोंड काढतोच. कुकरला बटाट्याच्या तीन शिट्ट्या काढते, गरम आहेत तोवर सोलून कुस्करते. मग कांदा, मिरची, कोथिंबीर, आमचूर, मीठ. कणीक आपली रोजच्या पोळीचीच. फ्लॉवरचा करायला गेले तर तव्यावर पोळी एकीकडे आणि भाजी दुसरीकडे. व्हिडिओतल्या मुली सांगतात, "हलक्या हाताने लाटा." अगं बायांनो, माझा हात हलकाच आहे, तीस वर्षं झाली.

आणखी एक. लच्छा पराठ्याला इतके पदर सुटतात कसे? माझ्या घडीच्या पोळीला मोजून तीन सुटतात.

जीटीरोड_रिटर्न:

काकू, नोकरीपायी सहा वर्षं कर्नालला काढली. खोलीवर मीच पराठे करायचो, त्यामुळे फुटण्याचा अनुभव दांडगा आहे.

तुमचं उत्तर तुमच्या पुरणातच आहे. पुरणात उलथणं उभं राहीपर्यंत तुम्ही ते आटवता ना? तुमच्या बटाट्यात राहील का उभं? कुकरमधला गरम बटाटा ओला असतो, कुस्करला की चिकट होतो. आदल्या रात्री सालासकट उकडा, पूर्ण गार करा, सकाळी किसणीवर किसा. कुस्करलात तर एखादी गुठळी राहते आणि नेमकी तीच पारी फोडते. कांदा घालूच नका, त्याला पाणी सुटतं. मीठ उंडे भरायच्या अगदी आधी. आणि कणीक पोळीपेक्षा सैल, तेलाच्या हाताने तिंबून अर्धा तास झाकून ठेवलेली. सारण आणि कणीक बोटाला सारखीच मऊ लागली पाहिजे. घट्ट कणकेत मऊ सारण भरलं की पारी मागे राहते, सारण पुढे पळतं.

फ्लॉवर आणि मुळ्याचं उलटं. किसून आधीच मीठ लावा, दहा मिनिटांनी घट्ट पिळा. ते पाणी कणीक भिजवायला घ्या, मात्र कणकेत वेगळं मीठ नको.

मुरथळच्या ढाब्यांचं मनावर घेऊ नका. तिथे बरेच पराठे तंदूरमध्ये लागतात, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. चांदणी चौकातल्या पराठेवाल्या गल्लीत तर चक्क कढईत तुपात तळतात. आपला तव्याचा मामला वेगळा.

निऱ्या_आणि_पदर:

लच्छाचं मी सांगते. जमेल तेवढी पातळ पोळी लाटा, सगळीकडे तूप माखा, वर कोरडं पीठ भुरभुरा. मग साडीच्या निऱ्या घालतो तशा एका टोकापासून बारीक निऱ्या, त्या पट्टीची चकलीसारखी गुंडाळी, दहा मिनिटं विश्रांती. पुन्हा लाटताना मात्र जोर लावायचा नाही, नाहीतर पदर एकमेकांत मिटतात. तव्यावरून काढला की दोन्ही तळव्यांत धरून कडेने आत दाबायचा, तेव्हाच ते मोकळे होतात. घडीच्या पोळीचंच तत्त्व आहे, फक्त घड्या जास्त. केरळचा पोरोट्टा यात सगळ्यांचा बाप, पण तो मैद्याचा आणि हवेत आपटून ताणायचा. विहीणबाईंसमोर तो प्रयोग नको.

गंगाकाठची_सून:

माझं सासर पाटण्याचं. न फुटणारा पराठा हवा असेल तर सत्तूचा. भाजलेल्या चण्यांचं पीठ, त्यात लसूण, हिरवी मिरची, ओवा, कलौंजी, लिंबू, लोणच्याचा खार आणि कच्चं मोहरीचं तेल. कांदा इथे चालतो, कारण पीठ कोरडं असतं, पाणी पिऊन टाकतं. मुठीत दाबलं की मूठ वळली पाहिजे, बोटाने टोचलं की सुटली पाहिजे. सोबत भाजलेल्या वांग्याचा चोखा. आपल्या भरताचा सख्खा भाऊ.

सासूबाई मात्र माझ्या पराठ्याला अजून "मराठी सत्तू" म्हणतात, कारण पहिल्यांदा मी त्यात गूळ घातला होता.

कॅम्पनंबर_तीन:

उल्हासनगरकर म्हणून सिंधी कोकीची शिफारस करतो. सारणच नाही, फुटणार काय! कांदा, मिरची, अनारदाणे कणकेतच, भरपूर मोहन, कणीक घट्ट. जाडसर लाटून अर्धीकच्ची शेकायची, उतरवून परत मळायची, परत लाटायची आणि मंद आचेवर खरपूस करायची. शेजारच्या आंटी दुसऱ्यांदा लाटताना म्हणायच्या, "घाई असेल तर ब्रेड खा."

खवचट_खवय्या:

लुधियान्याच्या माणसाला पराठा खाऊ घालणं म्हणजे कोल्हापूरकराला पुण्यात मिसळ वाढणं. काकू, गुळपोळी करा. दोन पाऱ्यांत तिळगूळ, सारण पार कडेपर्यंत. त्यांच्याकडे लोहडीला रेवडी-गजक असतेच, तीळगुळाची चव ओळखीची आहे, पोळी नवी. शिवाय टिकते, परतीच्या गाडीत होईल.

सांगलीची_काकू:

पाहुणे काल गेले. जीटीरोड, तुमचं ऐकून बटाटे रात्रीच उकडले. चौदातले बारा सुखरूप. तेराव्याला विहीणबाई स्वयंपाकघरात आल्या आणि मी बोलायच्या भरात लाटणं दाबलं. त्यांनी काही न बोलता फाटल्या जागी कोरडं पीठ लावलं आणि तव्यावर टाकला. चौदावा त्यांनीच लाटला. पोळपाट न घेता, ओट्यावरच.

लच्छाला सहा पदर सुटले. सुनेने आठ मोजले, तिचं मन मोठं. खवचटराव, गुळपोळ्या दहा बांधून दिल्या. व्याह्यांनी दोन स्टेशनवरच संपवल्या, असा फोन आला.

आता नवा प्रश्न. त्यांनी येताना घरच्या म्हशीचं दोन किलो पांढरं लोणी आणलंय, थंडी म्हणून टिकलं. घरात आम्ही तिघं. निम्मं तरी उरणार. सगळं आत्ताच कढवून टाकू, की थोडं फ्रीजरमध्ये ठेवलं तर चालेल?