सीआयमध्ये वायक्यू इन्स्टॉल होतं, पण दुपारी 'नॉट: कमांड नॉट फाउंड'

संत्रानगरी_डेव्ह
परसोडी आयटी पार्कातल्या ऑफिसात सीआयचे (कोड आपोआप तपासण्या-बांधण्याचे) जॉब चालवणारी आमचीच चार मशीन, म्हणजे सेल्फ-होस्टेड रनर, सगळे एकाच इंटरनेट लाइनवर. गिटहब ॲक्शन्सच्या प्रत्येक जॉबमध्ये शेल स्क्रिप्ट तीन टूल्सची 'लेटेस्ट' आवृत्ती गिटहबच्या एपीआयला (प्रोग्रामना माहिती देणाऱ्या सेवेला) विचारते, जेसन मजकूर वाचणाऱ्या जेक्यूने आवृत्तीचा टॅग काढते आणि कर्ल या डाउनलोड कमांडने फाइल उतरवते. सकाळी सुरळीत. दुपारी गर्दी झाली की वायक्यू (यामल फाइली वाचणारं टूल) चालवताना 'लाइन १: नॉट: कमांड नॉट फाउंड'. डाउनलोडची पायरी मात्र हिरवीच, आणि फाइल फक्त ९ बाइट्सची!

बर्डी_बिल्डवाला
त्या ९ बाइट्समध्येच उत्तर आहे भाऊ. कॅट कमांडने फाइलीतला मजकूर पाहा, आत 'नॉट फाउंड' एवढंच असेल.

टोकनशिवाय (ओळख न देता) एपीआय वापरलं तर एका आयपीला तासाला ६० विनंत्या मिळतात. जॉबमागे तीन, म्हणजे विसाव्या जॉबला कोटा खलास. त्याच लाइनवर कुणी लॅपटॉपवरून स्क्रिप्ट चालवली तर त्याआधीच. मग टॅगऐवजी नकाराचा जेसन येतो, जेक्यू त्यातून 'नल' (काहीच नाही) काढतं आणि कर्ल 'नल' आवृत्तीची फाइल मागायला जातं. ४०४ (फाइल सापडली नाही) आला तरी कर्लच्या लेखी काम झालेलं असतं. पुढे बॅश हा शेल त्या मजकुराला स्क्रिप्ट समजून 'नॉट' नावाची कमांड शोधत बसतं.

लेटेस्ट विचारणंच बंद करा. आवृत्ती वर्कफ्लोत (जॉबच्या पायऱ्यांच्या फाइलीत) लिहून ठेवा आणि थेट रिलीजच्या डाउनलोड पत्त्यावरून फाइल घ्या. तिथे हा कोटा लागत नाही. कर्लला लहान अक्षरातला '-एफ' लावा, ४०४ ला ते २२ हा चुकीचा कोड देऊन थांबेल.

धंतोली_रूट
नुसत्या '-एफ'वर विसंबू नका. वर्कफ्लोत शेल लिहिलेलं नसेल तर लिनक्स रनरवर बॅश '-ई' ने (कमांड चुकली की थांबायचं) चालतं, पाइपफेल (पाइपमधल्या कुठल्याही कमांडची चूक धरायची) नसतं. कर्लचं आउटपुट पाइपने फाइली उलगडणाऱ्या टारला दिलं की तो २२ हिशेबातच येत नाही. 'शेल: बॅश' स्पष्ट लिहिलं की पाइपफेल चालू होतं. विचित्र आहे, पण असंच आहे.

चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा, म्हणजे हॅश) आपल्या रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवा. दर वेळी फाइलीसोबतच उतरवलेला चेकसम अर्धवट डाउनलोड तेवढं पकडतो. रिलीजमधली फाइल कुणी बदलली तर तो चेकसमही बदलेल. तो ताडून पाहणाऱ्या 'शा२५६सम -सी' साठी हॅश आणि फाइलनावात दोन स्पेस ठेवा, अल्पाइन लिनक्समधल्या बिझीबॉक्स या कमांडसंचाला एक चालत नाही.

संत्रानगरी_डेव्ह
कॅट केलं, तेच निघालं. एक रनर एआरएम प्रोसेसरच्या मशीनवर आहे, त्याचं काय?

बर्डी_बिल्डवाला
'यूनेम -एम' ही कमांड तिथे 'एआर्च६४' सांगेल, बाकीच्यांवर 'एक्स८६_६४'. शेल स्क्रिप्ट तपासणाऱ्या शेलचेकच्या फाइलींत हीच नावं असतात. वायक्यूच्या फाइलींत 'एआरएम६४' आणि 'एएमडी६४'. प्रत्येक टूलसाठी केस (नाव बघून फाइल निवडणारी अट) लिहा, दुसरा इलाज नाही.

टूल रनरच्या टेम्प फोल्डरात टाका, तो जॉबनंतर रिकामा होतो. सिस्टिमच्या यूएसआर-लोकल-बिन फोल्डरात टाकलं तर मागच्या जॉबची आवृत्ती बसून राहते. फोल्डरचा पत्ता 'गिटहब_पाथ'मध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) जोडला तरी तो पुढच्या पायरीपासून लागू होतो. त्याच पायरीत वर्शन तपासायचं तर पूर्ण पाथ द्या.

धंतोली_रूट
मशीन आपलीच आहेत तर टेम्प कशाला, दर जॉबला लाइन उगाच अडते. टूल-कॅशमध्ये (जॉबनंतरही टिकणाऱ्या टूल्सच्या फोल्डरात) आवृत्तीच्या नावाचा फोल्डर करा. तो असेल तर डाउनलोडच करायचं नाही. फक्त फाइल आधी टेम्पमध्ये उतरवा आणि चेकसम जुळल्यावरच फाइल हलवणाऱ्या एमव्हीने आत न्या. नाहीतर मध्येच रद्द झालेल्या जॉबची अर्धी फाइल पुढचा जॉब खरी समजेल.