प्रभूनं माफ केलं, मग भिशीचे पैसे द्यायचे की नाही?

वडगावची वैनी

मंडळी, आम्ही बेळगावात वडगावला राहतो. घरात दोन पॉवरलूम. घर मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, अगदी सासूबाईंच्या माहेरापासून. प्रश्न धाकट्या दिराबद्दल आहे.

तो गल्लीतल्या बायकांची भिशी सांभाळायचा. दारू लागली आणि भिशीचे पैसे गेले. सगळ्यात जास्त समोरच्या काकूंचे, 40 हजार, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले. काकूंकडं लाल पुठ्ठ्याची वही आहे, प्रत्येक हप्त्यापुढं दिराची सही.

यंदा उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडे) उपासनेनंतर तो बदलला. खरंच बदललाय, त्यात खोट नाही. बाटली सुटली, पहाटे उठून शास्त्र वाचतो, लूमवर वेळेत बसतो. चर्चमधल्या मंडळीपुढं साक्ष दिली, "येशूच्या रक्तानं माझं सगळं देणं फिटलं." सासूबाई रडल्या, मीही रडले.

ते काकूंच्या कानावर गेलं. नळावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या देवानं त्याचं फेडलं, बरं झालं. माझं कोण फेडणार गं?"

दीर म्हणायलाय, "वैनी, पैसे फेडून तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळत असतं तर प्रभू वधस्तंभावर कशाला गेला? बायबलातलं इफिसकरांस 2:8-9 वाचा. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही." वचन खरं आहे. पण काकूंचं तोंड आठवलं की माझ्याच्यानं आमेन म्हणवत नाही. जाणत्यांनी सांगा.

खानापूरची मावशी

आम्ही कॅथलिक. आमच्यात चोरीचं पापनिवेदन केलं की घेतलेलं परत करायची तयारी हवीच. परत करायचं मनातच नसेल तर तो पश्चात्ताप कसला? तुमच्या लोकांत नुसत्या विश्वासावर सगळं सुटतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. ते तसंच आहे का, हे मलाही समजून घ्यायचंय.

निपाणीचे अण्णा

मावशी, तसं नाही. विश्वासानं नीतिमान ठरण्याबद्दल 1999 मध्ये आउग्सबुर्गला लुथरन आणि कॅथलिक यांनी एकत्र जाहीरनाम्यावर सह्या केल्या, 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात आले. कृपा आधी, सत्कर्म तिच्यातून, यावर तिघांचं जमलंय. तेव्हा तो वाद राहू दे.

वैनी, तुमच्या दिरानं वचन बरोबर वाचलं, पण नवव्यावर थांबला. त्याला दहावं वाचायला सांगा. सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलंय, असं तिथं लिहिलंय.

मग लूक 19 काढा. प्रभू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी उतरला तेव्हा जक्कयानं कोणाचा पैसाही परत केला नव्हता. कृपा न मागता दारात आली. त्यानंतर तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. जुन्या करारात लेवीय 6 मध्ये फसवून घेतलेल्यावर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा सांगितलाय. हा चौपट द्यायला निघाला, आणि प्रभूनं त्याला हिशोब विचारलाच नव्हता.

प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर मरताना विश्वास ठेवून तारला गेलेल्या चोराचा दाखला दीर देईल, सगळेच देतात. त्या चोराचे हात खिळलेले होते. तुमच्या दिराचे हात मोकळे आहेत, मागावर चालतात.

आणि तुम्ही मेथडिस्ट, म्हणून हेही सांगतो. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींना 1738 मध्ये लंडनला आपल्या तारणाची खात्री पटली. त्यांनीच 1743 मध्ये आपल्या मंडळ्यांना जे नियम घालून दिले, त्यांत फेडता येण्यासारखं नसेल तर उसनं घेऊ नये, असं स्पष्ट आहे. विश्वासानं तारण शिकवणाराच उधारीवर बोलतो, कारण ती शेजाऱ्याची पोटाची गोष्ट असते.

पौलानं फिलेमोनाला लिहिलेलं पत्रही वाचा, 25 वचनांचं आहे. तुझा दास अनेसिम काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं पौल स्वतःच्या हातानं लिहितो. जमलं तर पहिला हप्ता घरानं द्यावा.

चिकोडीचा भाऊ

अण्णांशी एका जागी सहमत नाही. पहिला हप्ताही त्याच्याच मजुरीतून जाऊ दे. माझ्या घरात दारू सोडलेला माणूस आहे. घरच्यांनी भरलं की त्याला वाटतं आपलं झालं. आणि एकदम मोठा बोजाही टाकू नका, घाबरून पुन्हा गुत्त्याची वाट धरतो. थोडं द्यायचं, पण चुकवायचं नाही.

वडगावची वैनी

काल रात्री जेवणं झाल्यावर फिलेमोनाचं पत्र मोठ्यानं वाचलं. दीर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मुद्दल देतो, पण काकूंच्या दारात जायची हिंमत नाही, वैनी तुम्हीच नेऊन द्या. मी नाही म्हटलं. पैसे त्यानंच न्यायचे, वहीत त्यानंच लिहायचं, मी सोबत उभी राहीन. तयार झालाय.

अण्णा, पाचवा हिस्सा म्हणजे वर 8 हजार. ते आत्ताच सांगू का? आणि बाकी बायकांचे थोडे थोडे आहेत, त्यांना आधी की काकूंना?

निपाणीचे अण्णा

लेवीय 6 त्याला वाचायला द्या, मागू नका. बाकी कोणाला आधी, हे त्यानं किंवा तुम्ही ठरवू नये. सगळ्या बायकांना एकत्र बसवून विचारा, आणि काकूंच्या मुलीच्या लग्नाची तारीख धरलीय का, ते पहिल्यांदा विचारा.